गोदामातलं गाऱ्हाणं

मुलुंड पूर्वेला एका गल्लीच्या टोकाशी, आम्ही सगळे ज्यांना काका म्हणायचो त्यांचं मांडव-डेकोरेशनचं गोदाम होतं. लग्न, बारसं, सत्यनारायण, गणपती, काहीही असो, खुर्च्या, गाद्या, पडदे आणि टोप तिथून जायचे आणि डाग पाडून घेऊन परत यायचे. शनिवारी संध्याकाळी मात्र टेम्पो बाहेर गल्लीत उभा राहायचा, खुर्च्या भिंतीला लागायच्या, आणि मोकळ्या झालेल्या जागेत, मांडवाच्याच एका बुटक्या स्टेजवर, आमच्या उपनगरांतले बँड वाजायचे. पन्नास-साठ माणसं उभी राहिली की गोदाम भरलं.

या जागेचा शोध एका ड्रम वाजवणाऱ्या मुलाने लावला. बहिणीच्या हळदीसाठी गाद्या आणायला तो गेला, आत शिरून त्याने सवयीने एकदा ओरडून बघितलं, तर आवाज घुमलाच नाही. भिंतीला रचलेल्या गाद्या आणि टांगलेले मखमली पडदे सगळा आवाज पिऊन टाकत होते. अंधेरीचे स्टुडिओवाले ज्यासाठी भिंतीला महागडा स्पंज चिकटवतात, ते काम इथे लोकांच्या लग्नातल्या गाद्या फुकटात करत होत्या. त्याने काकांना विचारलं. काका आधी नाही म्हणाले, मग झोपले नाहीत, मग हो म्हणाले, आणि त्यानंतरही झोपले नाहीत. हे मला त्यांच्या बायकोने, काकींनी, सांगितलं.

मी तिथे मिक्सरवर बसायचे. आठवडाभर घाटकोपरच्या एका ऑफिसात विम्याचे क्लेम तपासायचे आणि शनिवारी कोणाचा माइक वर, कोणाची गिटार खाली, हे बघायचे. पहिल्यांदा गेले तेव्हा वाटलं होतं, नेहमीसारखंच असणार. काळे टी-शर्ट, वाढवलेले केस, उशिरा येणारा बेसवाला. सगळं तसंच होतं. बँडने तारा जुळवल्या, मी मान हलवली, आणि त्यांनी वाजवायला सुरुवात करायच्या ऐवजी बाजूला होऊन जागा दिली. पांढरा हाफशर्ट, पँटची घडी अगदी कडक, असे एक साठी ओलांडलेले गृहस्थ हातात नारळ घेऊन माइकसमोर आले आणि डोळे मिटून बोलायला लागले. हेच काका.

"बा राखणदारा म्हाराजा. आज हंयसर जी पोरां वाजवूक इली हत, तेंचा वाजवणा नीट पार पडांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," अख्ख्या गोदामाने एका सुरात म्हटलं.

"मधीच लाईट जावक देव नको. गिटारीची तार तुटाक देव नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"जो गातलो, तेका शब्द आठवांदेत. आणि समोरच्या बायेक खिडकी उघडूची बुद्धी देव नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," हे सगळ्यात मोठ्याने झालं, कारण समोरच्या इमारतीतल्या बाई खिडकी उघडून पोलिसांना फोन करायची धमकी द्यायच्या आणि ती खिडकी गोदामातल्या प्रत्येकाला माहीत होती.

मी देवाशी फारसं बोलणारी नाही, आणि आमचं घर साताऱ्याकडचं, त्यामुळे गाऱ्हाणं ही गोष्ट मला तिथेच कळली. कोकणात कुठलंही कार्य सुरू करताना जाणता माणूस देवासमोर उभा राहतो, सगळ्यांच्या वतीने मागणं मागतो, आणि बाकीचे होकार भरतात. काका मालवणकडचे. त्यांच्या दृष्टीने मेटल बँड हेही कार्यच होतं, आणि गाऱ्हाण्याशिवाय कार्य म्हणजे खांब न रोवता टाकलेला मांडव. पोरांना आधी हसू यायचं. मग सवय झाली. तमिळ, गुजराती, केरळी, कोण कुठला, सगळे 'व्हय म्हाराजा' करायचे. नव्याने आलेल्याला शेजारचा कोपर मारून सांगायचा, "बोल ना यार, नाहीतर वाट लागेल."

काका हा अत्यंत घाबरट माणूस होता. यात मी त्यांचा काही अपमान करत नाही, ते स्वतःच सांगायचे. गोदामाला कुलूप लावून घरी पोचले की परत येऊन कुलूप ओढून बघायचे, मग अर्ध्या जिन्यातून पुन्हा परत. कुणी शिंकलं तर विचारायचे, ताप नाही ना. कुठल्याही लग्नात मांडव पडेल, पंखा पडेल, नवरदेव पडेल, या तीन भीत्या त्यांच्याकडे कायमच्या होत्या. चाळीस वर्षांच्या धंद्यात यातलं काहीही पडलेलं नव्हतं आणि याचं श्रेय ते स्वतःच्या घाबरण्याला द्यायचे. "जा बोलला, ता होवचा नाय," हे त्यांचं म्हणणं. वाईट गोष्टीचं नाव आधी घेऊन टाकलं की तिला यायला तोंड राहत नाही. पंचाईत अशी की जिचं नाव घ्यायचं राहून जाईल, ती नेमकी येणार. त्यामुळे गाऱ्हाणं दर शनिवारी वाढत गेलं.

आणि पोरं वाढवायला मदत करायची. कार्यक्रमाआधी टोपांच्या रचलेल्या ढिगाशेजारी काका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे आणि एकेक जण जाऊन त्यांच्या कानाशी काहीतरी सांगून यायचा. मढचा एक कोळ्याचा मुलगा बेस वाजवायचा. त्याला वर्सोव्याहून परतीची फेरीबोट चुकायची भीती. गोवंडीची एक मुलगी रॅप करायची. तिच्या घरी वाटायचं ती ट्यूशन घेते. कुणाचा इंटरव्ह्यू, कुणाची आई सायनला अ‍ॅडमिट, कुणाच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट अडकलेलं. मग काका डोळे मिटून सगळं बाहेर काढायचे. "मढावरसून इलेल्या झिलाक परतीची फेरी गावांदे रे म्हाराजा." "गोवंडीच्या चेडवाच्या घरात आज कोणाक काय कळाक देव नको रे म्हाराजा." पन्नास अनोळखी माणसं तिच्या गुपितासाठी एकदम होकार भरायची आणि ती मुलगी जमिनीकडे बघत हसायची. मी कितीतरी ठिकाणी साउंड केला आहे, पण वाजवणाऱ्यांचे हात तिथल्याइतके मोकळे झालेले मी कुठे बघितले नाहीत. स्वतःची भीती दुसऱ्याने माइकवर बोलून टाकली की मागे उरतं फक्त वाजवणं.

एकदा वांद्र्याकडून एक जरा नाव झालेला बँड आला. त्यांच्या गाणाऱ्याला हा प्रकार पटला नाही. "अंकल, आमची एंट्री डिझाइन केलेली आहे," तो म्हणाला. भांडण काकांच्या स्वभावात नव्हतं. ते नारळ घेऊन बाहेर पाण्याच्या टाकीशी गेले आणि तिथे एकट्यानेच गाऱ्हाणं घातलं. होकार भरायला फक्त काकी होत्या, त्याही भाजी निवडता निवडता. मग काका आत येऊन मेन स्विचपाशी उभे राहिले ते शेवटपर्यंत हलले नाहीत. शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. त्या रात्री एक तार तुटली नाही, स्पीकरमधून एक शिट्टी आली नाही, समोरची खिडकीसुद्धा बंद राहिली. मला वाटलं काका आता खजील होतील. ते कपाळ पुसत म्हणाले, "देवान आज एकट्यान निभावल्यान. दमलो आसतलो बिचारो."

मी त्यांना पुष्कळ चिडवायचे. माझी जीभ तिखट आहे आणि काकांना ती चालायची. मी म्हणायचे, काका, एवढ्या भीत्या पाठ कशा राहतात तुमच्या, मला तर आदल्या दिवशीचा क्लेम आठवत नाही. ते खूश व्हायचे. पाठांतर ही त्यांची एकमेव मिजास होती. कागद ते कधीच घ्यायचे नाहीत. देवासमोर कागद वाचणं म्हणजे, त्यांच्या मते, पाहुण्याला जेवायला बोलावून शेजाऱ्याकडे पाठवणं.

एका शनिवारी दुपारी आम्ही दोघं केबल सोडवत बसलो होतो. गुंता फार होता. काका मान वर न करता म्हणाले, "बाय, तुका एक काम सांगूचा हा."

मला वाटलं दुकानातून काही आणायचं असेल. त्यांनी वडिलांची गोष्ट काढली. वडील गिरणीत होते. चाळीच्या गणपतीत गाऱ्हाणं त्यांचंच, दुसऱ्या कुणी घालायचं नाही. म्हातारपणी एका वर्षी ते बोलायला उभे राहिले आणि एकच मागणं पुन्हा मागितलं. मग पुन्हा. लोकांनी दोनदा होकार भरला, तिसऱ्यांदा पोरं हसली, मग बायकाही हसल्या. वडील बोलतच राहिले. काका तेव्हा विशीतले, गर्दीत मागे उभे होते.

"हसले तेचा काय नाय गो," काका म्हणाले. "लोक हसतलेच. कोणी थांबवल्यान नाय, ता लागला. मी पण नाय थांबवलंय."

 केबलची गाठ सुटली होती तरी मी ती बोटांत धरून ठेवली होती.

"माझा तसा झाला, मी तेच तेच बोलाक लागलंय, तर तू माइक बंद कर. विचारू नको, सांगू नको. माइक बंद झालो की माका कळात. मी गप खाली उतरान."

"काका, काहीही काय," मी म्हणाले.

"तू हो म्हण."

"हो काका," मी म्हणाले. इतक्या सहज म्हणाले की त्याचं मला नंतर आश्चर्य वाटलं.

त्या दिवसापासून माझा शनिवार बिघडला. मिक्सरवर प्रत्येक माइकसाठी एक सरकती कळ असते, फेडर म्हणतात तिला. वर सरकवली की आवाज वाढतो, खाली आणली की जातो. काका बोलायला उभे राहिले की माझं बोट त्यांच्या फेडरवर जायचं. आधी मी गाऱ्हाणं ऐकून हसायचे. आता परीक्षेच्या हॉलमधल्या सुपरवायझरसारखी ऐकायला लागले. तार झाली, लाईट झाली, खिडकी झाली, फेरी झाली. शेवटचा होकार आला की मी श्वास सोडायचे, आणि मग पहिल्या दोन गाण्यांचा साउंड हमखास वाईट व्हायचा, कारण माझं लक्षच नसायचं. गाणाऱ्याने वळून बघितलं की मी अंगठा दाखवायचे, जणू सगळं झकास चाललंय.

वाईट म्हणजे, काकांच्या बाबतीत ओळखायचं कसं हेच कळेना. दुसरा कुणी एकच प्रश्न तीनदा विचारायला लागला तर घरच्यांना शंका येते. काका आयुष्यभर सगळं तीनदाच विचारत आले होते. कुलूप लावलंस ना, लावलंस ना, नक्की लावलंस ना. त्यांनी चहात दोनदा साखर घातली, तर ते विसरले की चहा कमी गोड लागेल म्हणून घाबरले? मढच्या मुलाला त्यांनी एकदा ड्रमवाल्याच्या नावाने हाक मारली. मी स्वतःला सांगितलं, दोघांचे केस सारखेच आहेत. नारळ एकदा फ्रिजमध्ये सापडला. काकी म्हणाल्या, "तेंका रात्रभर झोप नसता, मगे असाच होतला." त्या हे म्हणताना माझ्याकडे बघत नव्हत्या, आणि मीही विषय वाढवला नाही. ऑफिसात क्लेम तपासताना मी माणसाच्या एका सहीवरून खोटं पकडते. इथे डोळ्यांदेखत सगळं होत होतं आणि मी प्रत्येक गोष्टीला कारण शोधून देत होते. मला भीती वाटत होती, एवढंच खरं आहे. त्यांच्या विसरण्याची होतीच, पण त्याहून माझ्या बोटाची जास्त.

आता ते गोदाम नाही. तिथे इलेक्ट्रिक स्कूटरचं शोरूम आहे आणि बाहेर मोठा काचेचा दरवाजा. काका-काकी गावी असतात. मी एकदा जाऊन आले. काका ओसरीवर बसले होते, तब्येत छान, चेहऱ्यावर मी कधीच न बघितलेली शांतता. काळजी करायला लागणाऱ्या गोष्टी आठवेनाशा झाल्या की माणूस असा दिसत असावा. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि कुठून आलीस, असं अगदी आदराने विचारलं. पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं, गोदामातलं.

त्या संध्याकाळी तीन बँड होते. गर्दी एवढी की पडद्यांच्या मागेही लोक उभे होते. मढचा मुलगा वेळेवर आला होता, गोवंडीची मुलगी तिच्या लहान बहिणीलाच घेऊन आली होती, म्हणजे घरातलं गुपित निम्मं फुटलेलं होतं. काका दुपारपासून बेचैन होते. टोपांजवळच्या खुर्चीवर त्यांना सगळ्यांनी आपापलं सांगून झालं, तरी ते पुन्हा पुन्हा विचारत होते, "अजून कोणाचा काय रवला?" मी माइक लावून दिला. काकी दारात उभ्या होत्या.

काका नारळ घेऊन उभे राहिले. "बा राखणदारा म्हाराजा," त्यांनी सुरुवात केली, आणि आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. मला बरं वाटलं. वाजवणं पार पडांदे, झालं. तार, झाली. गाणाऱ्याचे शब्द, झाले.

"मढावरसून इलेल्या झिलाक परतीची फेरी गावांदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"गोवंडीच्या चेडवाक सुखान घराक पोचव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

काका थांबले. ओठ हलले, शब्द आला नाही. मग चेहऱ्यावरचा ताण एकदम सुटला आणि ते म्हणाले, "मढावरसून इलेल्या झिलाक परतीची फेरी गावांदे रे म्हाराजा."

होकार आला. थोडं हसणंही आलं, प्रेमाचंच. बेसवाल्याच्या पाठीवर कुणीतरी थाप मारली. "भाई, तुझी फेरी डबल कन्फर्म," कुणीतरी म्हणालं. माझं बोट फेडरवर होतं. मी म्हटलं, गर्दी जास्त आहे, चुकून झालं असेल, एकदा होऊ शकतं.

काकांनी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "मढावरसून," ते म्हणाले. "मढावरसून इलेल्या झिलाक फेरी गावांदे रे म्हाराजा."

या वेळी होकार विस्कळीत आला आणि हसणं वाढलं. पडद्यामागचे, पहिल्यांदाच आलेले, त्यांना तो विनोदच वाटला असणार. बेसवाला मात्र हसत नव्हता. मी काकींकडे बघितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता. काकांनी पुन्हा श्वास घेतला आणि 'मढा' एवढं ऐकल्याबरोबर मी फेडर खाली घेतला.

एवढंसं प्लास्टिक, दोन बोटांनी सरकतं. 

काका एक-दोन शब्द तसेच बोलत राहिले. गाद्या-पडद्यांनी भरलेल्या त्या खोलीत त्यांचा माइकशिवायचा आवाज फार लहान वाटला. मग त्यांनाही ते कळलं. ते थांबले. माइककडे बघितलं. मान वळवून माझ्याकडे बघितलं.  मी हात तिथेच ठेवला, त्यांना दिसेल असा. मी शब्द पाळला होता. आता ते मान हलवतील, नारळ खाली ठेवतील आणि उतरतील, मी उठून त्यांचा हात धरेन, हे सगळं मी किती शनिवार मनात करून ठेवलेलं होतं. मी त्यांच्या डोळ्यांत बघत राहिले आणि वाट बघत राहिले.

काकांचा चेहरा हळूहळू उजळला. ते गर्दीकडे वळले आणि मोठ्याने, समजावून सांगावं तसं म्हणाले, "बगलास? फ्यूज गेलो. आज लाईटीचा नाव घेवचा रवला माझ्याकडसून, म्हणान गेलो." मग माझ्याकडे बघून, "बाय, बघ गो जरा."

वरच्या ट्यूबलाइट चालू होत्या. अँपचे लाल दिवे चालू होते. कोपऱ्यातला पंखासुद्धा फिरत होता. ते सगळ्यांना दिसत होतं, आणि कुणी काही बोललं नाही. बहुतेकांना तेव्हाच कळलं असावं.

मी उठले. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. बोर्डपाशी गेले, झाकण उघडलं. सगळं जागच्या जागी होतं. मी तिथे उभी राहिले, फ्यूज बसवायला जेवढा वेळ लागतो तेवढा. मग झाकण लावलं, परत आले आणि फेडर वर सरकवला.

काकांनी माइकवर बोटाने टकटक केलं. टकटक सगळ्या गोदामात ऐकू आली. ते समाधानाने हसले, नारळ काखेत धरला आणि दोन्ही हात मोकळे केले.

"आमच्या बायेन फ्यूज बसवल्यान," ते म्हणाले. "तिच्यासाठी टाळये वाजवा."

आणि त्या सगळ्या माणसांनी, काकांच्या पाठोपाठ, माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.